डबा, जातुर्रिया आणि न्यूमोनिया

आमच्या हिंगोलीत एकाच आजाराला तीन नावे आहेत. घरात म्हाताऱ्या बायका म्हणतात, ‘लेकराला डबा आलाय.’ जुन्या बाजारपेठेतल्या हकिमी परंपरेत त्याला ‘जातुर्रिया’ म्हणत. आणि दवाखान्यातून बाहेर पडणारा बाप हातातल्या चिठ्ठीकडे पाहत म्हणतो, ‘निमोनिया सांगितलाय.’ तीन नावे, तीन भाषा. आणि मौज अशी की, ज्या अर्थी ही तीन माणसे एकाच लेकराबद्दल बोलत असतात त्या अर्थी त्यांना एकमेकांचे बोलणे कळायला हवे. पण ते कित्येकदा कळत नाही. शब्दांचा हा घोटाळा नुसत्या कोशकारांच्या कुतूहलाचा असता, तर मी दिवाळीच्या फराळाच्या वेळी वाचकांपुढे तो घेऊन आलो नसतो. या शब्दांवर लेकरांचे जगणे-मरणे अवलंबून होते, आणि काही ठिकाणी आजही आहे.

आधी घरच्या शब्दापासून सुरुवात करू. ‘डबा’ हा शब्द मराठवाड्यात, वऱ्हाडात, थेट झाडीपट्टीपर्यंत चालतो. तिकडे त्याचा उच्चार ‘डब्बा’ असा ठसक्यात होतो. कोणी म्हणते, लेकराचे पोट डब्यासारखे ताठ होते म्हणून डबा. कोणी म्हणते, पोट खालवर होताना रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखे उडते म्हणून डबा. यांतले खरे कोणते याचा निवाडा करायच्या भानगडीत मी पडत नाही. पण दोन्ही सांगण्यांत एक गोष्ट समान आहे, आणि ती महत्त्वाची आहे: आईची नजर पोटावर आहे. ‘लेकराचं पोट उडायलंय’ असे आमच्याकडची बाई म्हणते, तेव्हा ती जे पाहते ते अगदी अचूक पाहते. लहान मुलाच्या छातीत कफ दाटून फुफ्फुस कडक झाले, की श्वास ओढायला त्याला फार जोर करावा लागतो. छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, पोट वर येते. आजचे बालरोगतज्ज्ञ न्यूमोनिया गंभीर आहे की नाही हे ज्या खुणांवरून ठरवतात, त्यांत छातीचे हे आत ओढले जाणे पहिल्या रांगेत असते. म्हणजे आईने रोग बरोबर ओळखला. फक्त त्याचा पत्ता चुकला. रोग छातीत, आणि इलाज पोटावर.

तो इलाज म्हणजे डागणी. तापलेली सुई, विळ्याचे टोक, बिब्ब्याचे तेल, ज्या गावी जे चालत असेल ते. आमच्या घरातल्या थोरल्या काकांच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना चवलीएवढे पाच डाग होते. आम्ही मुले उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर विहिरीवर जात असू, तेव्हा ते डाग मोजायचा आमचा हट्ट असे. आजी सांगे, ‘सव्वा वर्षाचा होता, डब्यानं निळा पडला होता. डाग दिले म्हणून हाती लागला.’ काका वाचले हे खरे. पण काकांच्या पाठीवरचे भावंड त्याच आजाराने, तेच डाग देऊन, गेले. त्याची गोष्ट आजी सहसा सांगत नसे. जो वाचला त्याच्या अंगावरचे डाग पुढे पन्नास वर्षे साक्ष देत राहतात. जो गेला त्याचे डाग त्याच्याबरोबर मातीत जातात. उपाय गुणकारी ठरण्याची ही रीत फार जुनी आहे, आणि ती केवळ अडाण्यांपुरती मर्यादित आहे असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातले नामांकित डॉक्टर न्यूमोनियाच्या रोग्याचे रक्त शेर-शेर काढत असत, आणि जे जगत ते त्यांची कीर्ती गात.

आता बाजारपेठेतल्या शब्दाकडे येऊ. त्यासाठी हिंगोलीचा थोडा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. हे गाव निजामाच्या मुलखातले. हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि निजामाच्या खर्चाने उभी होती, तिची एक छावणी हिंगोलीस होती. ती १९०३ पर्यंत राहिली. छावणी म्हटली की दवाखाना आला, पलटणीचा इंग्रजी डॉक्टर आला, त्याची नोंदवही आली. ‘न्यूमोनिया’ हा शब्द या गावात पहिल्याने उच्चारला गेला तो बहुधा याच वाटेने. पण छावणीच्या हद्दीबाहेर कारभार निराळा. निजामशाहीत सरकारी भाषा उर्दू. हैदराबादेस १९१७ साली भाषांतराचे खास खाते निघाले, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, आणि तेथे आधुनिक वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. देशी भाषेतून डॉक्टर तयार करण्याच्या गोष्टी आपण आज करतो. निजामाने त्या करून दाखवल्या होत्या. निजामाच्या राजवटीबद्दल मराठवाड्याने जे सोसले ते सोसले, पण हे श्रेय त्याचे त्याला दिले पाहिजे.

त्या उर्दूत आणि हकिमांच्या यूनानी वैद्यकात न्यूमोनियाला ‘जातुर्रिया’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. ‘रिया’ म्हणजे फुफ्फुस. ‘जातुर्रिया’ म्हणजे फुफ्फुसाचे दुखणे. त्याचे भावंड ‘जातुल्जंब’, म्हणजे बरगडीचे, कुशीचे दुखणे; डॉक्टर ज्याला प्लुरसी म्हणतात ते. इब्न सीनाच्या वैद्यक ग्रंथात ही दोन्ही दुखणी वेगवेगळी करून सांगितली आहेत. पण इब्न सीनाने तरी हे कोठून घेतले? ग्रीकांकडून. ‘यूनानी’ या शब्दाचाच अर्थ ग्रीक. आयोनिया नावाचा जो ग्रीक वस्तीचा किनारा तुर्कस्तानच्या पश्चिमेस आहे, त्याचे इराणी-अरबी मुखात ‘यूनान’ झाले, आणि आपल्या संस्कृतात ‘यवन’. तेव्हा हिंगोलीच्या बाजारात बसणारा हकीम आणि हिंगोलीच्या छावणीत बसणारा इंग्रज डॉक्टर हे दोघे, एकमेकांच्या विद्येला नाके मुरडत असताना, एकाच ग्रीक आजोबांचे नातू होते. एकाने शब्दाचे भाषांतर करून घेतले होते, दुसऱ्याने शब्द जसाच्या तसा उचलला होता, इतकाच फरक.

जाता जाता एक गंमत. उर्दू लिपीत इंग्रजी ‘न्यूमोनिया’ लिहिताना ‘नमोनिया’ असा लिहितात, आणि तो ‘नमुना’ या शब्दापासून फक्त शेवटच्या अक्षरांनी निराळा दिसतो. घाईने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातचा कागद असेल, तर अमका इसम नमुन्याने वारला असे वाचायला हरकत नाही.

असो. आता त्या ग्रीक शब्दाकडेच वळू, कारण खरी गोष्ट तेथे आहे.

हिपोक्रेटीसच्या नावावर जे ग्रंथ आहेत ते साधारण इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकांतले. त्यांत तीव्र रोगांची यादी येते आणि ही नावे पूर्वीच्या लोकांनी दिलेली आहेत असे ग्रंथकार म्हणतो. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही हे नाव जुनेच होते! तेथे ते ‘पेरिन्युमोनिया’ असे येते. ‘पेरि’ म्हणजे भोवती. फुफ्फुसाच्या आसपासचे दुखणे. त्यातला पुढचा ‘पेरि’ गळून नुसता न्यूमोनिया उरला तो फार नंतर. ग्रीक लोक ‘प्न्युमोन’ असा ‘प’सकट उच्चार करीत. इंग्रजाच्या जिभेला शब्दाच्या आरंभी ‘प्न’ झेपत नाही, म्हणून त्याने ‘प’ लिहायचा पण म्हणायचा नाही असा तोडगा काढला, आणि आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या मुक्या अक्षरापायी छड्या खाल्ल्या.

‘प्न्युमा’ म्हणजे वारा, श्वास, प्राण. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या ग्रीक प्रतीत ‘पवित्र आत्मा’ म्हणून जे येते तेही प्न्युमाच. सायकलच्या वाऱ्याने भरलेल्या रबरी धावेला इंग्रजीत ‘न्यूमॅटिक’ म्हणतात तोही हाच शब्द. श्वास आणि आत्मा यांची सांगड घालणारे ग्रीक एकटेच नव्हेत. आपला ‘प्राण’ ज्या ‘अन्’ धातूपासून आला त्याचा अर्थ श्वास घेणे. आणि खुद्द ‘आत्मा’ या शब्दाचा जर्मन भाषेतला सख्खा चुलतभाऊ ‘आटेम’, त्याचा अर्थ आजही साधा श्वास. तेव्हा न्यूमोनिया म्हणजे प्राणाच्या जागेचा रोग, असे म्हणून एखादा कीर्तनकार येथेच निरूपण संपवील, आणि ते ऐकायला बरेही वाटेल.

परंतु ते संपूर्ण खरे नाही. भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की, ग्रीकांचा फुफ्फुसाला मूळ शब्द ‘प्न्युमोन’ नव्हताच. तो होता ‘प्लेउमोन’, ‘ल’ने. जुन्या ग्रीक पोथ्यांत दोन्ही रूपे आढळतात. फुफ्फुस श्वासाचे इंद्रिय, श्वासाला प्न्युमा म्हणतात, तेव्हा हा शब्द त्यावरूनच आला असणार अशी लोकांनी समजूत करून घेतली, आणि ‘ल’चा ‘न’ करून टाकला. लोक शब्दांना असे आपल्या अर्थाकडे ओढून नेतातच. या ‘प्लेउमोन’चा लॅटिन भाऊ ‘पुल्मो’; त्यावरून डॉक्टर फुफ्फुसासंबंधी गोष्टींना ‘पल्मनरी’ म्हणतात. आणि संस्कृतातला भाऊ कोण? ‘क्लोमन्’! प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. पण ‘प्लोमन्’ या शब्दात ‘प’ आणि ‘म’ हे दोन ओष्ठ्य वर्ण जवळजवळ आल्यामुळे पहिल्याचा ‘क’ झाला, अशी त्याची उपपत्ती आहे, आणि ती बहुतेक सर्व अभ्यासकांना मान्य आहे.

या क्लोमन्‌ची कहाणी फार मनोरंजक आणि थोडी करुण आहे. अथर्ववेदात यक्ष्म्याला शरीराच्या एकेका अवयवातून हुसकून लावणारे सूक्त आहे, त्यात हृदयाच्या शेजारीच क्लोमन् येतो. तेव्हा तो कोणता अवयव हे ऐकणाऱ्याला ठाऊक असणार. चरकाने कोठ्यातल्या पंधरा अवयवांची यादी दिली, तीत क्लोम आहे. फुफ्फुस मात्र नाही. सुश्रुताकडे येऊन पाहावे तर हृदयाखाली डावीकडे प्लीहा आणि फुफ्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम. म्हणजे तोपर्यंत ‘फुफ्फुस’ हा नवा शब्द आत आला होता. फू फू आवाजावरून झालेला, अगदी चुलीपाशी बसलेल्या बाईच्या तोंडचा म्हणावा असा शब्द. त्याने घराची डावी बाजू बळकावली आणि जुन्या मालकाला उजवीकडच्या खोलीत बसवले. पुढे तीही खोली गेली. टीकाकारांत वाद सुरू झाला की, क्लोम म्हणजे नक्की काय? कोणी म्हणाले उजवे फुफ्फुस, कोणी म्हणाले पित्ताशय, कोणी श्वासनलिका, कोणी स्वादुपिंड. हिंदी शास्त्रीय पुस्तकांत तर आज ‘क्लोम’ म्हणजे माशाचे कल्ले! फिरून फिरून बिचारा श्वासाच्या इंद्रियापाशी परत आला, पण माणसाच्या नव्हे.

आणि ‘प्लेउमोन’, ‘पुल्मो’, ‘क्लोमन्’ या सर्वांच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ श्वास घेणे नव्हे. त्याचा अर्थ तरंगणे. आपल्या संस्कृतात तो ‘प्लु’. ‘प्लवते’ म्हणजे तरंगते. फुफ्फुस म्हणजे तरंगणारे. हे नाव कोणा वैद्याने नव्हे, जनावर सोलणाऱ्या माणसाने दिले असले पाहिजे. बकऱ्याचे काळीज, यकृत, मूत्रपिंड पाण्याच्या घंगाळात टाका, तळाशी जातात. फेफडे टाका, वर येऊन तरंगते. इंग्रज खाटीक फुफ्फुसाला ‘लाइट्स’ म्हणतो, म्हणजे हलके. रशियन भाषेतही फुफ्फुसाचे नाव ‘हलके’ याच अर्थाचे आहे. इतकेच काय, समुद्रात तरंगणाऱ्या जेलीमाशाला ग्रीक लोक समुद्राचे फुफ्फुस म्हणत असत. निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी निरनिराळ्या भाषांत एकच गोष्ट टिपून ठेवली.

आता न्यूमोनियात काय होते ते पाहा. फुफ्फुसात स्पंजासारख्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात, त्यांत हवा खेळते. म्हणून ते तरंगते. न्यूमोनियात त्या पिशव्यांत हवेच्या जागी पाणी, पू आणि रक्तपेशी भरतात. फुफ्फुस जड, घट्ट आणि लालसर होते. कापले तर यकृतासारखे दिसते, म्हणून शवविच्छेदन करणाऱ्यांनी या अवस्थेला ‘यकृतीभवन’ या अर्थाचे नाव दिले. अशा फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला तर तो बुडतो. ज्याचे नावच ‘तरंगणारे’, ते बुडते. रोगाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाही. ती या शब्दाच्या मुळाशी तीन-चार हजार वर्षे पडून होती.

जिवंत माणसाचे फुफ्फुस पाण्यात टाकून पाहता येत नाही. मग ते भरले आहे की मोकळे आहे हे ओळखायचे कसे? येथे आपला डबा पुन्हा भेटतो. ऑस्ट्रियात ग्रात्स नावाच्या शहरी एका खानावळवाल्याचा मुलगा होता, लेओपोल्ड आउएनब्रुगर. दारूचे पिंप किती भरले आहे हे बाप त्यावर बोटांनी वाजवून ओळखतो, हे त्याने लहानपणी पाहिलेले होते. रिकामा भाग घुमतो, भरलेला भाग बद्द वाजतो. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने रोग्याच्या छातीवर बोटे वाजवली, आणि १७६१ साली त्यावर एक लहानसे पुस्तक काढले. तीस-चाळीस वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही. आज प्रत्येक डॉक्टर ते करतो. आपल्याकडे तेलाचा डबा, धान्याची कणगी, मडके, काय भरले आहे हे वाजवून पाहणाऱ्या लक्षावधी बायका होत्या. लेकराच्या छातीवर तसेच वाजवून पाहावे हे त्यांच्यापैकी एखादीला सुचलेही असेल. पण तिला पुस्तक कोण लिहू देणार? आउएनब्रुगरनंतर १८१६ साली पॅरिसच्या लाएनेकने छातीला लावायची नळी काढली आणि न्यूमोनियात आत जी बारीक चरचर होते ती ऐकून लिहून ठेवली. येथपासून न्यूमोनिया हा शब्द धाप, ताप आणि कुशीतली कळ एवढ्यावर न राहता फुफ्फुसातल्या एका ठरावीक घटनेचे नाव झाला.

रोग ओळखता आला, तरी पुढची शंभर वर्षे डॉक्टरांच्या हातांत फारसे काही नव्हते. घरातली माणसे दिवस मोजत. ताप एकसारखा चढलेला, रोगी वाताने बडबडतो आहे, आणि पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत केव्हा तरी एका रात्रीत दरदरून घाम सुटून ताप खाडकन उतरे, नाहीतर माणूस जाई. माधवनिदानात सन्निपातज्वराबद्दल सातवा, दहावा, बारावा असे दिवस सांगितलेले आहेत. त्या दिवशी रोग तरी जातो नाहीतर रोगी तरी. ग्रीक वैद्यांनीही असेच निर्णायक दिवस मोजून ठेवले होते. सातव्या रात्री उशापायथ्याशी जागणारी माणसे अथेन्समध्ये असोत की आमच्या कळमनुरी-वसमतेत, त्यांच्या मोजणीत फरक नव्हता.

१८८१ साली रोगाचा जंतू फ्रान्सात पाश्चरला आणि अमेरिकेत स्टर्नबर्गला दिसला. त्याचा न्यूमोनियाशी संबंध पुढच्या चार-पाच वर्षांत पक्का झाला. १८८४ साली डेन्मार्कच्या ग्रॅमने जंतू रंगवून ओळखण्याची जी युक्ती काढली, आणि जी आजही जगभर रोज वापरतात, तीही न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुफ्फुसांचे तुकडे तपासतानाच सापडलेली. पण जंतू दिसला म्हणून मरतो असे थोडेच आहे? १९१८ ची मानमोडी आली तेव्हा ते ठसठशीत कळले. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या दिवशी ७६८ माणसे मेली. लोकांनी नाव दिले मानमोडी, सरकारने नाव दिले इन्फ्लुएंझा. पण त्या साथीत मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या फुफ्फुसांचे तुकडे अलीकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचा शेवट पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाने झाला होता असे दिसून आले.

खरा उतारा मिळाला तो १९३८ नंतर, आधी सल्फाच्या गोळ्यांनी आणि मग पेनिसिलिनने. येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा बंदिवासात आजारी होत्या. आधीच खिळखिळ्या झालेल्या प्रकृतीत न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन तेव्हा अगदी नवे, युद्धामुळे सोन्याहून दुर्मीळ. देवदास गांधींनी खटपट केली आणि ते कलकत्त्याहून विमानाने आले. महात्माजींना कळले की हे औषध दर काही तासांनी टोचावे लागते, तेव्हा त्यांनी मुलाला समजावले की आता आईला टोचण्या देऊ नकोस, तिला देवावर सोपव. २२ फेब्रुवारीस, महाशिवरात्रीच्या दिवशी, बा गेल्या. औषध तेथे होते, वापरले गेले नाही. बरोबर की चूक याचा वाद आजपर्यंत चालला आहे. बांचे हृदय इतके थकले होते की औषधाने फारसे साधले नसते, असे मानायला जागा आहे. तरीही ती बाटली तिथे नुसती पडून राहिली हे मनाला लागतेच. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १९५४ साली, त्याच पुण्याशेजारी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९५५ पासून तेथे पेनिसिलिन होऊ लागले, आणि विमानाने येणारे औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळू लागले.

औषध आले, म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, आणि का सुटला नाही हे मराठी मुलखातच शोधले गेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकात काम सुरू केले, तेव्हा लहान मुले कशाने मरतात हे घरोघर विचारून पाहिले. न्यूमोनिया हे मोठे कारण निघाले. पण ‘तुमच्या मुलाला न्यूमोनिया झाला होता का?’ असे विचारून कोणती आई हो म्हणणार? तिच्या तोंडचे शब्द वेगळे. तेव्हा आधी लोकांचे शब्द, मग लोकांना त्या शब्दांतून समजावणे, आणि मग औषध, असा क्रम ठेवावा लागला. आरोग्यसेवक आणि गावातल्या सुइणी यांच्या हाती साध्या प्रतिजैविकाच्या गोळ्या-औषध दिले गेले. ज्या सुइणींना अक्षरओळख नाही, आकडे फार पुढे मोजता येत नाहीत, त्यांनी मिनिटाला किती श्वास होतात हे कसे मोजावे? त्यासाठी मण्यांची चौकट आणि वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. सुइणीला साठ म्हणता आले नाही तरी लाल कळतो!

१९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अहवाल आला. ५८ गावांत हा उपक्रम होता, ४४ गावे तुलनेसाठी होती. ६१२ न्यूमोनियाच्या मुलांवर उपचार झाले. त्यांतले शंभरास एकसुद्धा दगावले नाही, ०.८ टक्के, आणि जेथे हा उपक्रम नव्हता तेथे १३.५ टक्के. ही तफावत काही महागड्या यंत्राने पडली नाही. स्वस्त औषध वेळेवर पोचले याने पडली. आणि ते वेळेवर पोचले, कारण आईच्या शब्दाचा अर्थ सुइणीला कळत होता आणि सुइणीच्या मण्याचा अर्थ डॉक्टरला.

आमच्या हिंगोलीपासून मेळघाट काही परदेशात नाही. तेथे कोरकू वस्त्यांत लहान मुलांच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याला ‘डंबा’ म्हणतात, आणि त्याच्या बातम्या या चालू दशकातही वर्तमानपत्रांत आल्या आहेत. आमचा डबा आणि त्यांचा डंबा यांचे नाते काय, हे एखाद्या तरुण अभ्यासकाने शोधावे. एक जण रोगाला ते नाव देतो, दुसरा इलाजाला. ज्यांनी हे चटके दिले त्यांना क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमची आजी क्रूर नव्हती. तिच्यापुढे लेकरू निळे पडत होते आणि तिला ठाऊक असलेला एकच उपाय तिने केला. जुन्या बालरोगांच्या संस्कृत यादीत ‘उत्फुल्लिका’ नावाचा विकार आहे, पोट फुगून धाप लागण्याचा. पुष्कळ वैद्य डबा तो हाच म्हणतात. ‘उत्फुल्ल’ म्हणजे फुगलेले, फुललेले. पंडितांची नजरही पोटावरच गेली होती, मग आजीला काय बोलायचे?

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली. आता गावोगावी आशाताई आहेत, त्यांच्याजवळ औषध आणि घड्याळ आहे. केंद्र सरकारने २०१९ साली न्यूमोनियाविरुद्ध मोहीम काढली तिचे नाव ‘सांस’ ठेवले. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून का होईना, पण शब्द मुळाशी जाऊन भिडला. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०२१ साली देशभरच्या सरकारी लसीकरणात आली, आणि ती तान्ह्या मुलांना मोफत टोचतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची ७,४०,१८० मुले न्यूमोनियाने गेली. त्याच्याविषयी जाणीव करून देण्यासाठी नेमलेला दिवस १२ नोव्हेंबर. म्हणजे पुष्कळ वर्षी दिवाळीच्या आगेमागेच येतो. हवेत गारठा पडू लागलेला असतो, घरात फटाक्यांचा आणि चुलीचा धूर असतो, आणि तान्ही लेकरे मामाच्या गावाला आलेली असतात.

म्हणून घरात कोणी म्हातारी ‘डबा आलाय’ म्हणाली, तर तो शब्द अडाणी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तिने जे पाहिले ते बरोबर पाहिले असण्याचा संभव फार आहे. लेकराच्या अंगावरचा कपडा वर करावा, ते शांत असताना पुरे एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतले असेल तर साठ, वर्षाच्या आतले असेल तर पन्नास, पाच वर्षांच्या आतले असेल तर चाळीस. आकडा तेथे पोचला, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर फराळाचे ताट तसेच ठेवून दवाखाना गाठावा. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला ‘निमोनिया’ म्हणूनच सांगायला हवे असे नाही. ‘पोट उडायलंय’ म्हणावे. आमच्याकडच्या डॉक्टरांना ते कळते.